टोक सोड

ही हकीकत ज्यांना खोटी वाटेल त्यांच्याशी वाद घालण्याची पूर्ण तयारी आहे. मात्र वादाला बसण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की ही घटना रात्रीची नाही. अमावास्या नव्हती, जवळपास स्मशान नव्हते, वाट चुकलेला कोणी प्रवासीही नव्हता. सन २०१९ च्या मार्चमधली टळटळीत दुपार होती आणि डहाणू-तलासरीच्या मधल्या टापूतल्या एका निवासी शाळेत मुलांच्या जेवणाची ताटे घासली जात होती.

दुसरी गोष्ट, जे घडले ते एका यंत्राने मोजले.

यंत्राला भीती वाटत नाही. त्याला कोणाची आठवणही येत नाही.

शाळेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. तेथे अजून मुले शिकतात.

ज्याच्या बाबतीत हे घडले त्या सुदर्शनचे डहाणू स्टेशनजवळ ध्वनिव्यवस्थेचे दुकान आहे. लग्ने, सभा, शाळांची संमेलने अशी कामे तो घेई, आणि त्या कामांत चिंचणीचा गोपीनाथ त्याचा भागीदार होता. केबल टाकण्याच्या कामाला दोन टोके असतात आणि प्रत्येक टोकाला एक माणूस लागतो. सुदर्शन माइकच्या टोकाला बसे. गोपीनाथ दूरच्या टोकाला जाई.

त्यांचा एक शिरस्ता होता. सुदर्शन फोनवर म्हणे, “टोक धर.” त्यानंतर गोपीनाथने ती जागा सोडायची नाही, ऊन असो की पाऊस. आवाज आला की तो कळवी, “पोचला. भजी सांग.” आणि सगळी तपासणी आटोपली की सुदर्शन म्हणे, “टोक सोड.” या दोन शब्दांचा अर्थ नुसता सोडण्यापुरता नव्हता. तिकडचे आवर आणि माझ्याकडे ये, असा तो होता.

एकदा एका लग्नात सुदर्शन ते दोन शब्द म्हणायचे विसरला आणि थेट पंगतीला जाऊन बसला. पंगत उठली, पान-सुपारी झाली, तरी गोपीनाथ वाडीच्या कडेला केबल धरून उभाच. पुढे तो प्रसंग तो चारचौघांत रंगवून सांगे. म्हणे, “हा सुद्या ‘सोड’ म्हणाला नाही ना, तर मी मेलो तरी तिथंच उभा. हा येईल माझ्या तेराव्याचे लाडू खाऊन.”

लोक हसत. सुदर्शनही हसे.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून या टापूतल्या जमिनीला धक्के बसू लागले. आधी खोलवर कोणी सुरुंग उडवल्यासारखा आवाज येई आणि पाठोपाठ हादरा. माणसे अंगणात झोपू लागली. या शाळेनेही वर्ग मैदानातल्या तंबूंत हलवले. कार्यालय तेवढे जुन्या इमारतीत राहिले, कारण वीज आणि फोन तिथेच होते. तेथून मैदानावर आणि मैदानापलीकडच्या टेकाडावर आवाज पोचवायचा होता. सकाळची प्रार्थना, घंटा, आणि धक्का बसलाच तर मुलांनी कुठे जमायचे त्याची सूचना.

हल्ली आवाज साध्या नेटवर्क केबलमधून जातो, पण शंभर मीटरच्या पुढे ती केबल धाप टाकते. त्याहून लांब न्यायचे तर फायबर लागते. केसाएवढी काच. एका टोकाला आवाजाचा प्रकाश करायचा, दुसऱ्या टोकाला प्रकाशाचा पुन्हा आवाज करायचा, की मधले अंतर जणू उरतच नाही. आणि काचेचा एक गुण असा, की ती गुणगुणत नाही. तांब्याच्या तारेत कान दिला तर विजेची बारीक कुणकुण ऐकू येते. काचेत काहीच नसते.

जानेवारीत त्यांनी कार्यालयापासून मैदानाच्या कडेने थेट टेकाडापर्यंत केबल टाकली. टेकाडावर पाण्याची जुनी टाकी होती आणि तिच्याखाली पंपाची खोली. गोपीनाथ त्या खोलीत गेला.

“टोक धर,” सुदर्शन फोनवर म्हणाला.

“धरलं. पण आटप लवकर. टाकी गळते इथली, डोक्यावर टपटप चाललंय.”

मग जमिनीतून तो आवाज आला...

आणि फोन बंद पडला.

खोलीची भिंत आतल्या बाजूला पडली होती. विटा उपसल्या तेव्हा गोपीनाथच्या उजव्या मुठीत केबलचे टोक होते. बोटे एकेक करून उलगडावी लागली.

सुदर्शन रडला नाही. त्याने टेम्पोत मृतदेह ठेवायला हात दिला, चिंचणीला जाऊन गोपीनाथच्या बायकोला, नयनावहिनींना, सांगितले, खांदा दिला, दुकान उघडले. दात काढण्यापूर्वी भूल देतात तेव्हा ओठ जसा आपला राहत नाही, तसे त्याचे सगळे अंग झाले होते. लोक बोलत ते त्याला ऐकू येई. कळेही. लागत मात्र काही नसे.

मार्चमध्ये शाळेने त्याला पुन्हा बोलावले. धक्के थांबले नव्हते आणि मुलांपर्यंत आवाज पोचत नव्हता. पंपाची खोली आता विटांचा ढीग होती. म्हणून ठरले असे, की केबल मैदानाच्या खांबापाशीच तोडायची आणि तेथेच कर्णे लावायचे. जवळच्या पाड्यावरचा तुक्या मदतीला होता. चाळिशी उलटलेला, केबल ओढण्यात तरबेज आणि तोंडाने सैल. त्याने स्वतःच्या हाताने खांबापाशी केबल तोडली, टेकाडाकडचा तुकडा जमिनीतून ओढून काढला, गुंडाळला आणि कार्यालयाच्या ओट्यावर आणून टाकला.

हा तुकडा ओट्यावर होता. हे नीट लक्षात ठेवावे.

जेवणाची सुट्टी झाली होती. सुदर्शनने तपासणीचे यंत्र काढले. ते काचेत प्रकाशाचा ठिपका सोडते. ठिपका टोकावर आपटून परततो, आणि टोक किती दूर आहे ते पडद्यावर उमटते. केबलमध्ये चार काचा होत्या, दोन कामाच्या आणि दोन राखीव. राखीव काचेला त्याने यंत्र जोडले. खांबापर्यंतचे अंतर सव्वाचारशे मीटर होते.

पडद्यावर आले... सातशे साठ.

त्याने जोड पुसला. पुन्हा लावला. सातशे साठ. दुसरी राखीव काच लावली. तेच. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. पंपाच्या खोलीपर्यंतची केबल बरोबर तेवढी भरली होती.

त्याने तुक्याला फोन करून विचारले, टोक कुठे आहे.

“माझे हातात हाय शेट. जाईल कुठं, तिला काय पाय हायेत?”

सुदर्शनने ओट्यावर जाऊन पाहिले. तोडलेला तुकडा तेथेच होता. त्यावर एक मांजर झोपले होते.

यंत्र बिघडले असेल, असे त्याने ठरवले. तसे ठरवण्यात चूक काही नव्हती. त्याने कामाच्या काचा जोडल्या, तुक्याकडून खांबावरचा कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचा आवाज करणारी पेटी, सुरू करून घेतला आणि कानांना हेडफोन लावले. या हेडफोनवर पलीकडून येणारा आवाज ऐकू येतो. पलीकडे त्या वेळी माइक नव्हता. माइकची पेटी टेम्पोतून उतरवलीसुद्धा नव्हती.

कानात काचेची शांतता होती.

मग...

टप्.

बराच वेळ काही नाही.

टप्... टप्...

पाणी ठिबकत होते. उघड्यावर नव्हे, बंद खोलीत ठिबकते तसे, मागे बारीक घुमारा ठेवत.

सुदर्शनने माइक उघडला. सवयीने त्याच्या तोंडून शब्द गेला, “चेक.”

आणि कानात अगदी जवळून, थकलेल्या पण ओळखीच्या आवाजात उत्तर आले...

“पोचला.”

एवढेच. भज्यांचे नाव नाही.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. घाम आला नाही, छाती धडधडली नाही. तो नुसता बसून राहिला. तेवढ्यात शाळेत स्वयंपाक करणारी बारकी त्याच्यासाठी चहा घेऊन आली. टेबलावरच्या हेडफोनमधून तोच आवाज बारीक येत होता. तिने कप ठेवला आणि कान दिला.

“हा तर टाकीवाला भाऊ,” ती म्हणाली. “दोनदा आमटी मागून घ्यायचा तो.” मग तिने सुदर्शनकडे पाहिले. “अजून तिथंच हाय का तो?”

बारकीने उत्तराची वाट पाहिली नाही. ती दारापर्यंत मागे सरली आणि तेथून, पाठ न फिरवता, बाहेर पडली.

त्या दिवशी काम पुढे गेले नाही. सुदर्शनने टेम्पो काढला आणि चारोटीवरून तडक चिंचणी गाठली. नयनावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्या इस्त्री करत होत्या. कपाट अजून रिकामे केलेले नव्हते आणि इस्त्रीखाली गोपीनाथचा शर्ट होता. सुदर्शनने सगळे क्रमाने सांगितले. आधी आकडा, मग पाणी, मग तो शब्द. शेवटी वहिनींनी एकच विचारले.

“भाऊजी, त्या दिवशी तुम्ही त्यांना ‘टोक सोड’ म्हणाला होतात?”

“नाही, वहिनी. तिथपर्यंत काम आलंच नव्हतं.”

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“मग कसे निघतील ते?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नयनावहिनी एसटीने चारोटीला उतरल्या आणि तेथून सुदर्शनच्या टेम्पोतून शाळेत आल्या. तुक्याला काही सांगितलेले नव्हते. तो मैदानाच्या खांबापाशी जाऊन बसला. कार्यालयात सुदर्शन, वहिनी, आणि बोलावले नसतानाही दारात येऊन उभी राहिलेली बारकी.

यंत्र लावले. सातशे साठ.

वहिनींनी हेडफोन कानांना लावले. पाणी ठिबकत असावे, कारण त्यांचा चेहरा थेंबाथेंबाने बदलत गेला. त्यांनी माइक हातात घेतला.

“अहो... मी आलेय. घरी चला.”

बराच वेळ गेला.

मग त्यांच्या ओठांची हालचाल झाली. ऐकलेला शब्द त्या स्वतःशीच म्हणत होत्या. पोचला. परक्या माणसाला सांगावे तसे सांगितले, असे त्या पुढे म्हणाल्या. मला ओळखलेच नाही, भाऊजी. आवाज आला का, एवढेच काम करताहेत ते.

त्यांनी माइक सुदर्शनपुढे धरला.

बारकी दारातून म्हणाली, “ताई, रागावू नका. तुम्ही बोलावलंत, तो आला नाय. आता हे भाऊ बोलावतील तर तो यांच्याकडं येल. तुमच्याकडं नाय येयाचा.”

ती भलते काही बोलत नव्हती. त्या दोन शब्दांचा अर्थच तसा होता, आणि तो सुदर्शनइतका कोणालाच ठाऊक नव्हता. आवर, आणि माझ्याकडे ये.

“कुणाकडे का येईनात,” वहिनी म्हणाल्या, “त्या गळत्या टाकीखालून तर निघतील.”

सुदर्शनने माइक घेतला. न म्हणावे तर तो माणूस तेथे उभा राहणार होता, शाळा असेपर्यंत, केबल असेपर्यंत, आणि कदाचित केबल नसतानाही. म्हणावे तर तो येणार होता. भीती वाटते का, हे सुदर्शनने स्वतःला विचारून पाहिले. आतून उत्तर आले नाही. भूल उतरली नव्हती.

“गोप्या,” तो म्हणाला, “टोक सोड.”

हेडफोन वहिनींच्या कानांवर होते. त्यांनी हात वर करून खूण केली... पाणी थांबले होते.

बाहेर मैदानात मुलांचा खेळ चालू होता.

मग सुदर्शनचे लक्ष यंत्राकडे गेले.

सातशे चाळीस.

यंत्र सतत मोजत होते आणि आकडा उतरत होता. भरभर नव्हे. माणूस केबल गुंडाळत गुंडाळत परत येतो त्या चालीने. मध्येच थांबे. गुंता निघावा इतका वेळ. पुन्हा उतरू लागे. सहाशे. साडेपाचशे. टेकाडाचा उतार संपत आला असेल.

सव्वाचारशेला तो थांबेल, अशी सुदर्शनची समजूत होती. तेथे केबल संपत होती. तेथे खांब होता, तुक्या होता.

सव्वाचारशे.

चारशे दहा...

तुक्याला पुढे पुष्कळांनी विचारले. त्याने काही पाहिले नाही, काही ऐकले नाही. एवढेच सांगितले, की तो केबलवर पाय सोडून बसला होता आणि एकदा उठून बाजूला झाला. का झाला, ते त्याला सांगता आले नाही. वाट द्यावी लागते म्हणून द्यावी, तसे झाले म्हणाला. त्यावर त्याने थट्टाही केली नाही.

दोनशे. शंभर. मैदान संपले.

बारकी दारातून आत सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने दार मोकळे केले होते.

ओट्यावरचे मांजर उठून निघून गेले.

तीस. वीस...

आणि पडदा रिकामा झाला.

येथे या यंत्राची एक गोष्ट सांगणे भाग आहे. दूरचे त्याला अचूक दिसते, पण अगदी जवळचे दिसत नाही. सोडलेल्या प्रकाशाने ते स्वतःच क्षणभर दिपते, आणि सुरुवातीच्या काही मीटरांत काय आहे ते त्याला कळत नाही. त्या पट्ट्याला या धंद्यात अंध पट्टा म्हणतात. कार्यालयाची खोली त्या पट्ट्यात मावत होती. टेबल, खुर्च्या, दार, आणि ती तीन माणसे.

“आले?” वहिनींनी विचारले.

सुदर्शनने पडद्याकडे पाहिले. रिकामा पडदा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

“आला,” तो म्हणाला.

नयनावहिनींनी हेडफोन काढून ठेवले, पदर सारखा केला, आणि सुदर्शनच्या खुर्चीच्या मागे जी मोकळी जागा होती तिकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, “चला.” मग त्या पुढे चालू लागल्या. मागे वळून त्यांनी पाहिले नाही. आपल्या मागून कोणी येत असेल तर वळून पाहू नये, असे त्यांना वाटले असावे.

त्या फाटकापर्यंत गेल्या तोवर यंत्राने पुन्हा आकडा दाखवला होता. सव्वाचारशे. केबल जेवढी होती तेवढी.

ध्वनिव्यवस्था त्याच दिवशी सुरू झाली. प्रार्थना मैदानभर स्वच्छ ऐकू येई. धक्के बसले तेव्हा सूचनाही वेळेवर गेल्या आणि कोणत्याही मुलाला काही झाले नाही. कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार नाहीच. यंत्र बिघडले होते असे म्हणणाऱ्यांसाठी सांगायचे तर, सुदर्शनने ते मुंबईला पाठवून तपासून घेतले. दोष निघाला नाही.

काही दिवसांनी नयनावहिनींचा फोन आला. खुशाली विचारून झाली.

“भाऊजी, घरी नाही आले ते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे आहेत का?”

सुदर्शन दुकानात एकटाच होता. निदान काउंटरच्या अलीकडे दुसरे कोणी दिसत नव्हते. त्याने इकडे तिकडे पाहिले नाही. बघतो, असे तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या अंध पट्ट्यावर उपाय आहे. यंत्र आणि केबल यांच्यामध्ये फायबरची एक लांब गुंडाळी जोडली, की दिपण्याचा क्षण त्या गुंडाळीतच संपतो आणि जवळचेही सगळे स्पष्ट दिसू लागते. चांगला कारागीर ती जोडल्याशिवाय तपासणी करत नाही. सुदर्शनकडे ती गुंडाळी आहे. शाळेत त्या दिवशीही ती टेम्पोत होती.

वहिनी अजून अधूनमधून विचारतात. सुदर्शन अजून बघतो म्हणतो.

गुंडाळी दुकानात, वरच्या फळीवर, पिशवीत बांधून ठेवलेली आहे. त्याने ती त्यानंतर एकदाही जोडलेली नाही.